रेडिएटरचा फॅन फिरत नाही? मोटर आणायला धावू नका

गाडी पळत असते तोवर इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर शांत बसलेला. टोलनाक्यावर रांग लागली किंवा घाटात पुढे ट्रक बंद पडला, की पाच-दहा मिनिटांत तो वर सरकायला लागतो. रस्ता मोकळा झाला, गाडी पन्नास-साठच्या पुढे गेली, की पुन्हा खाली. मे महिन्यात खंबाटकी चढून साताऱ्यात आलेल्या गाड्यांचे मालक मला हेच सांगतात. फक्त कुणी ‘काटा’ म्हणतं, कुणी ‘लाल दिवा’. आणि त्यातले बरेच जण कुठेतरी नवी फॅन मोटर बसवून आलेले असतात. मोटर नवी, तरी गाडी तापतेच.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. हा एक बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की आता गाडी दारात थांबली की आधी आवाज ऐकतो, बोनेट नंतर उघडतो. जळालेली मोटर मला कमी वेळा सापडली. तिच्यापर्यंत करंटच पोचत नाही, असंच जास्त वेळा निघालं. म्हणून इथे मोटर सगळ्यात शेवटी आहे.

आधी लक्षणं

वर सांगितलं ते मुख्य लक्षण: उभ्या गाडीत तापतं, पळत्या गाडीत उतरतं. पळताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, तेव्हा फॅनची फारशी गरज नसते. गाडी उभी राहिली की ते सगळं काम फॅनवर येतं.

दुसरं लक्षण एसीचं. सिग्नलला उभं राहिलं की एसीतून कोमट हवा, गाडी निघाली की पुन्हा गार. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, त्यामुळे फॅन गेला की दोघांचेही हाल होतात. लोक एसीचा गॅस भरून घेतात, बिल देतात आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

तिसरं, गाडी बंद केल्यावर कूलंटच्या बाटलीत गुडगुड आवाज, कधी बाटलीच्या झाकणाखालून पाणी बाहेर. चौथं जरा फसवं आहे: फॅन बराच वेळ गप्प, मग एकदम विमानासारखा फुल स्पीडला सुटतो. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो. गार इंजिनला निळा दिवा, जास्त तापलं की लाल, मधलं काही नाही. ज्यांच्यात काटा आहे त्यांच्यातलाही बऱ्याचदा मुद्दाम मध्यावर चिकटवून ठेवल्यासारखा असतो आणि पाणी खरोखर हाताबाहेर गेल्यावरच हलतो. तेव्हा काटा वर जाताना दिसला तर ‘बघू पुढे’ म्हणू नका.

गाडी उभी असताना ठीक, पण हायवेला ऐंशी-शंभरला तापत असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. तिथे वारा भरपूर मिळतोय, म्हणजे पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर तुंबलाय. वॉटर पंप, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा वॉल), रेडिएटरची जाळी हे मेकॅनिककडून बघून घ्या. इंजिनच्या पट्ट्यावर फॅन फिरणाऱ्या गाड्यांनाही यातलं काही लागू नाही.

आत्ता रस्त्यातच अडकला असाल तर

गाडी कडेला घ्या. एसीचं बटण दाबा आणि खिडकी खाली करून ऐका. पुढून फॅनचा आवाज आला तर एसी चालू ठेवून काटा उतरतो का बघा. फॅन नाही फिरला तर एसी लगेच बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, इंजिनची थोडी उष्णता तो आत ओढतो. मे महिन्यात हे करणं शिक्षाच आहे, पण इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकण्यापेक्षा घाम बरा. लाल दिवा लागलाच असेल तर यातलं काही करत बसू नका, इंजिन बंद करा. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं, त्याखालची गॅस्केट (सील) उडते, आणि मग खर्च फॅनचा राहत नाही, इंजिन उघडण्याचा होतो.

तापलेल्या गाडीचं रेडिएटर कॅप उघडू नका. ही सूचना सगळेच देतात, कारण फार थोडे सांगतात. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. बहुतेक गाड्यांचा फॅन मुळात त्याच्या आसपास सुरू होतो. तरी गाडीतलं पाणी उकळत नाही, कारण कॅप त्याला दाबून ठेवते. कॅपवर १.१ किंवा तसाच आकडा असतो, तो त्या दाबाचा. दाबाखाली पाणी शंभरच्या बरंच वर जाऊनही पाणीच राहतं. कॅप फिरवलीत की दाब गेला, आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा पाइप हाताने सहज दाबता आला की मगच कॅपला हात लावा.

साखळी कशी आहे

पाणी तापतं. सेन्सर ते ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो. ईसीएम रिलेला (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचला) अर्थिंग देतो. रिले आतल्या आत जोडला जातो आणि बॅटरीचा करंट फ्यूजमधून, रिलेमधून, जाड वायरीने, कपलरमधून (वायरींच्या जोडातून) मोटरला मिळतो. मोटरमधून तो बॉडीच्या अर्थिंगवाटे परत बॅटरीकडे जातो. या वाटेत कुठेही कडी तुटली तरी वरून दिसतं एकच: फॅन बंद.

मारुती ८०० च्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत ईसीएम नव्हता, पाण्यात बसवलेला थर्मोस्विच होता. तो तापला की जोडला जायचा. फार सोपं काम. दोन्ही वायरी एकमेकींना लावल्या आणि फॅन फिरला, की स्विच गेला समजायचं.

फॅन खरंच बंद आहे का?

हसू नका. जानेवारीतल्या सकाळी वाईहून पाचगणीला चाललात तर फॅन एकदाही लागणार नाही, आणि तो बिघाड नाही. गार इंजिन सुरू करून पाच मिनिटांत ‘फॅन लागत नाही’ म्हणून आलेले लोक मी चहा पाजून परत पाठवलेत. गाडी नीट तापू द्या, मग एसी बंद ठेवून न्यूट्रलमध्ये पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा, नजर काट्यावर. निरोगी गाडीत पाणी साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान गेलं की फॅन लागतो आणि पाच-सात अंश उतरलं की थांबतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो.

ब्लूटूथवर चालणारा स्वस्तातला ओबीडी रीडर (ईसीएममधली माहिती वाचणारा) मोबाइलला जोडून आकडा प्रत्यक्ष पाहता येतो. डॅशबोर्डचा काटा जे लपवतो ते हा दाखवतो. १०५ च्या वर गेलं आणि फॅन गप्पच असेल तर चाचणी थांबवा, बिघाड आहे.

पहिली गोष्ट: कूलंट

फुकट तपासणी, आणि सगळ्यात जास्त चुकणारी. इंजिन पूर्ण गार असताना बाटलीतली पातळी खुणांच्या मध्ये आहे का बघा, आणि रेडिएटरला वेगळी कॅप असेल तर ती उघडून आत पाणी काठोकाठ आहे का तेही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं कॅपचं रबर गेल्यावर नेहमी होतं.

याचा फॅनशी काय संबंध? सेन्सर पाण्यात बुडालेला असायला हवा. पाणी कमी झालं की त्याचं टोक वाफेत किंवा हवेत लटकतं, आणि तो ईसीएमला चुकीचं, बहुधा कमी तापमान सांगतो. इंजिन भाजतंय आणि सेन्सर सांगतोय सगळं ठीक. फॅन लागत नाही, तो त्यामुळे. अशा गाडीत नुसतं कूलंट भरून आणि हवा काढून फॅन सुरू झालेला मी कितीदा तरी पाहिलाय. अर्थात पाणी कुठे गेलं हे शोधावंच लागतं, ते आपोआप उडत नाही.

बोअरचं पाणी ओतणाऱ्यांसाठी: त्यातल्या क्षारांचा थर सेन्सरवर बसतो आणि तो उशिरा जागा होतो. तयार कूलंट घाला, किंवा कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं. सांडलं तर लगेच धुवा, कुत्री-मांजरं चाटतात.

दुसरी: एसीचं बटण

माझ्या मते या बिघाडातलं सगळ्यात उपयोगी हत्यार हेच, आणि ते एसी असलेल्या प्रत्येक गाडीत आधीच बसवलेलं आहे. इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर चालू. बहुतेक गाड्यांत कंप्रेसर लागला की फॅनही लगेच किंवा थोड्या वेळात लागतो, पाणी गार असलं तरी.

एसी लावल्यावर फॅन फिरला, तर मोटर चांगली, फ्यूज चांगला, वायर चांगली, अर्थिंग चांगलं. रिलेही बहुधा चांगला. राहिला सेन्सर, त्याची वायर आणि ईसीएम. अर्धी साखळी एका बटणाने निकाली निघते. नाही फिरला, तर दोष बहुधा रिलेपासून मोटरपर्यंतच्या अर्ध्या भागात आहे.

‘बहुधा’ का, तर दोन अडचणी आहेत. एसीत गॅसच नसेल तर कंप्रेसर लागत नाही, मग फॅनही लागत नाही, आणि त्यावरून फॅनबद्दल काहीच कळत नाही. कंप्रेसर लागताना टक् असा आवाज येतो आणि इंजिन किंचित दबतं, ते ऐका. दुसरी अडचण, काही गाड्यांत दोन फॅन असतात, एक रेडिएटरचा आणि एक कंडेन्सरचा. तिथे एसीवर एकच फिरला तर त्याने दुसऱ्याची हमी मिळत नाही. टॉर्च मारून नेमका कुठला फिरतोय ते बघा.

तिसरी: डोळे आणि हात

चावी काढून खिशात टाका आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो, त्याला बोटं ओळखता येत नाहीत. पातं हाताने फिरवा. हलकं फिरायला हवं. जड, खरखरीत किंवा एका जागी अडणारं असेल तर मोटरचा बुश (ज्यात दांडा फिरतो तो) जाम आहे, नाहीतर मध्ये काहीतरी अडकलंय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर चिखल वाळून मोटर धरते. प्लॅस्टिकची पिशवी, सुकलेला पाला, एकदा तर मुलांच्या पतंगाचा मांजा गुंडाळलेला निघाला होता.

मग वायरी. उंदीर हा आमच्या धंद्याचा भागीदार आहे. पावसात त्याला उबदार जागा लागते आणि बोनेटखाली ती आयती मिळते. फॅनच्या कपलरपासून हाताला लागेल तिथपर्यंत वायर चाचपा. वरचं आवरण शाबूत आणि आतली कुरतडलेली, असंही असतं.

फॅनचा कपलर काढून आत बघा, इथे घाई करू नका. प्लॅस्टिक तपकिरी झालंय, वितळलंय, पितळी पीन काळी किंवा हिरवी पडलीय? फॅनची मोटर दहा ते वीस अँपिअर ओढते, सुरू होताना त्याहून खूप जास्त. एवढा करंट सैल पिनेतून गेला की तिथे उष्णता होते, उष्णतेने पीन आणखी सैल होते, आणि एक दिवस संपर्कच जातो. प्रेशरने गाडी धुताना आत गेलेलं पाणी यात भर घालतं. कोकणातून येणाऱ्या गाड्यांच्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या झालेल्या असतात. घासून चालवू नका, त्याच जाडीच्या वायरीचा नवा कपलर लावा. नवी मोटर आणून जळक्या कपलरला जोडली तर दोन महिन्यांत तुम्ही परत येणार.

चौथी: फ्यूज

बॅटरी पुन्हा जोडा. बोनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात फॅनचं चित्र किंवा आरएडी, आरडीटीआर अशी अक्षरं शोधा. साधारण ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. नुसता डोळ्यांनी बघून पास करू नका, केसाएवढी चीर दिसत नाही. मल्टिमीटरने किंवा टेस्ट लॅम्पने दोन्ही बाजूंना करंट आहे का तपासा.

उडालेला निघाला तर तेवढ्याच अँपिअरचा एकदाच नवा घाला. तोही उडाला तर तिसरा घालू नका. फॅनचा कपलर काढून पुन्हा बघा. कपलर काढल्यावर फ्यूज टिकला तर मोटर जाम किंवा आतून शॉर्ट. कपलर काढूनही उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय, आणि तिथून पुढचं काम वायरिंगवाल्याचं. मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणं, चांदीचा कागद किंवा तार गुंडाळणं हे गाडी जाळायचं काम आहे. फ्यूज मोटरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो उडाला नाही तर वायर पेटते, आणि शेजारीच पेट्रोलचा पाइप असतो.

पाचवी: रिले

त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा एखादा रिले बहुतेक वेळा अगदी तसाच असतो: तोच आकार, तेवढेच पाय, वर छापलेला तोच नंबर. दोघांची अदलाबदल करा. फॅन फिरला आणि हॉर्न वाजेनासा झाला, तर काम दोनेकशे रुपयांत संपलं. नंबर जुळत नसेल तर अदलाबदल करू नका.

रिले टक् वाजला म्हणजे चांगला, हा गैरसमज आहे. टक् हा आवाज कॉइलचा. आतले संपर्क जळून काळे झाले असतील तर तो वाजेल, पण करंट सोडणार नाही. उलटही होतं, संपर्क चिकटून बसतात आणि गाडी बंद केल्यावरही फॅन फिरत राहतो, सकाळी बॅटरी झोपलेली. रिले काढल्यावर त्याच्या खालचं सॉकेटही बघा, जळकट वास आला तर रिले बदलून भागणार नाही.

इथे एक चाचणी अनुभवी हातांसाठी. रिले काढून त्याच्या जागी ३० आणि ८७ नंबरच्या खाचा, मध्ये फ्यूज असलेल्या जाड वायरीने जोडा. हे नंबर रिलेच्या पोटाखाली छापलेले असतात. फॅन फिरला तर मोटर, तिची वायर आणि अर्थिंग ठीक. नंबर वाचता येत नसतील, कुठली खाच कुठली हे नक्की नसेल, तर अंदाजाने जोडू नका. चुकीच्या खाचेत वायर गेली तर ईसीएमला इजा होते, आणि त्याची किंमत ऐकून फॅनचा खर्च विसरायला होतं.

सहावी: सेन्सर

एसीवर फॅन फिरतो पण पाणी तापल्यावर नाही, त्यांनी इथे यावं. इग्निशन ऑन करून कूलंट सेन्सरचा कपलर काढा. बऱ्याच गाड्यांत ईसीएमला तापमान कळेनासं झालं की तो सावधगिरी म्हणून फॅन सरळ चालू करतो. फॅन लागला तर ईसीएम, रिले, मोटर सगळे जागेवर आहेत, खोटं बोलतोय तो सेन्सर. चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर स्कॅनरने पुसता येतो. सगळ्याच गाड्या असं वागत नाहीत, त्यामुळे फॅन नाही लागला म्हणून ईसीएम गेला असं म्हणू नका.

मीटर असेल तर सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. तापमान वाढलं की तो उतरतो: गार इंजिनवर, वीस अंशांच्या आसपास, साधारण दोन ते तीन हजार ओहम, आणि ऐंशी अंशांना काहीशेवर. गार आणि गरम दोन्हीत आकडा तोच राहिला तर सेन्सर फेका. ओबीडी रीडर असेल तर आणखी सोपं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पाण्याचा आकडा बाहेरच्या हवेच्या जवळपास हवा. वरचा पाइप हात लावू देत नाही आणि मोबाइल सांगतोय साठ अंश, मग आणखी पुरावा कशाला? कोड वाचता आले तर पी०११७ आणि पी०११८ सेन्सरच्या सर्किटचे, पी०४८० फॅनच्या कंट्रोल सर्किटचा. कोड म्हणजे पार्ट नाही, पत्ता आहे. तिथे वायर तुटलेली असली तरी तोच कोड येतो.

थर्मोस्विच रेडिएटरमध्येच असलेल्या जुन्या गाड्यांत एक गंमत होते. थर्मोस्टॅट बंदच अडकला की गरम पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही, स्विच गारच राहतो, आणि दोष स्विचला दिला जातो. वरचा पाइप भाजतोय आणि खालचा पाइप गार असेल तर आधी थर्मोस्टॅट बघा.

त्यावरून आठवलं. ‘थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाका, गाडी गरमच होणार नाही’ हा सल्ला अजून सर्रास मिळतो. त्याने फॅन सुरू होत नाही, सिग्नलला गाडी तापायची ती तापतेच. आणि हिवाळ्यात इंजिन तापायला वेळ लागतो, ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं.

सातवी: बल्बची चाचणी, मीटरपेक्षा भारी

एसीवरही फॅन फिरत नाही, फ्यूज आणि रिले ठीक. आता फॅनच्या कपलरवर करंट येतो का बघायचं. इथे मीटर फसवतो. वायरीचे सगळे धागे तुटून एकच उरला असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. त्या एका धाग्यावर मोटर काय फिरणार?

म्हणून मी हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब वापरतो. एक फिलामेंट गेलेला असला तरी दुसरं चालतं. त्याला दोन वायरी डाख देऊन लावल्यात. काच तापते, जपून धरा. फॅनचा कपलर काढून गाडीकडच्या बाजूच्या दोन्ही टोकांना बल्ब जोडा आणि एसी लावा. बल्ब पांढरा लख्ख पेटला तर करंट येतोय, मोटरकडे बघा. पिवळट, मलूल पेटला तर मध्ये कुठेतरी वाट अरुंद झालीय.

अजिबात नाही पेटला तर बल्बची अर्थिंगकडची वायर काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता पेटला? मग दोष अर्थिंगचा. बोल्ट शोधा. बहुतेक गाड्यांत तो हेडलाइटच्या मागे किंवा बॅटरीच्या खाली बॉडीला असतो. खोला, रंग आणि गंज खरवडा, आवळून बसवा, वर थोडं ग्रीस. वाईचे एक शिक्षक दोन फॅन मोटरी आणि एक रिले बदलून माझ्याकडे आले होते, त्यांच्या गाडीत एवढंच निघालं. पुढच्या बंपरचं काम झाल्यावर रंगाऱ्याने बोल्टाखालीसुद्धा रंग मारला होता. सरांनी मला पैसे विचारले तेव्हा मलाच सांगायला संकोच वाटला.

हा मोठा बल्ब ईसीएमकडे जाणाऱ्या बारीक वायरींना कधीही लावू नका. तो चार-पाच अँपिअर ओढतो, तेवढ्यात ईसीएमचं आतलं सर्किट जळू शकतं.

शेवटी मोटर

कपलर काढून मोटरला बॅटरीवरून सरळ करंट द्या, जाड वायर, पॉझिटिव्हमध्ये ३० अँपिअरचा फ्यूज, कपडे आणि हात पात्यापासून दूर. फिरली नाही तर लाकडी दांड्याने मोटरच्या पाठीवर हलकेच टकटक करा. ठोकल्यावर सुरू झाली तर आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे) संपलेत. घरी पोचायला हे चालतं, उद्याला नाही. काही मोटरींचे कार्बन बदलून मिळतात, बऱ्याच सीलबंद असतात. मला विचाराल तर घाट करणाऱ्या गाडीला कार्बन बदललेली मोटर नको.

नवी मोटर बसवल्यावर हवेची दिशा तपासा. रेडिएटरच्या मागे बसलेल्या फॅनने हवा समोरून आत ओढायला हवी. ग्रिलपुढे रुमाल धरा, तो जाळीकडे खेचला गेला पाहिजे. वायरी उलट लागल्या की मोटर उलटी फिरते, आवाज करते, दिसते व्यवस्थित, आणि गाडी तापत राहते. अपघाताचं काम करून आलेल्या गाडीत मी हे दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा मालकाला ‘रेडिएटर बदला’ असं सांगितलं गेलं होतं.

दोन वेगाच्या फॅनचं वेगळं. त्यातल्या अनेक गाड्यांत कमी वेगासाठी एक रेझिस्टर असतो, फॅनच्या चौकटीवरच बसवलेला. तो जळला की कमी वेग जातो. पाणी खूप तापल्यावर ईसीएम फुल स्पीड मागतो, ती वाट रेझिस्टरमधून जात नाही, म्हणून फॅन एकदम गर्जत सुटतो. ‘फॅन चालतो की’ म्हणून लोक सोडून देतात. रेझिस्टर बऱ्याच गाड्यांत वेगळा मिळतो, पूर्ण फॅन घ्यायच्या आधी विचारा.

‘डायरेक्ट’ करू का?

बटण लावून किंवा इग्निशनवर फॅन कायमचा डायरेक्ट करून देणारे पुष्कळ आहेत. गावी पोचायला मीही करून देतो, मध्ये फ्यूज आणि रिले घालून. पण बटण विसरलात की गाडी तापली, आणि कायम चालू ठेवलात तर मोटर लवकर झिजते. शिवाय मूळ दोष झाकला जातो. पाणी कमी होत असेल तर ते कळायला उशीर होतो.

इथे हात थांबवा

फॅनला दोन जाड वायरींखेरीज एक-दोन बारीक वायरी असतील, किंवा फॅनवरच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असेल, तर वरच्या डायरेक्टच्या चाचण्या करू नका. त्या फॅनचा वेग सिग्नलने ठरतो, त्याला स्कॅनरवरूनच हुकूम द्यावा लागतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी केबल दिसली की बोनेट बंद करा. पिवळे कपलर एअरबॅगचे, त्यात मीटरची टोकं घालू नका. गाडी वॉरंटीत असेल तर फ्यूजच्या पुढे जाऊ नका.

सेन्सर, रिले, फ्यूज, वायर, मोटर सगळं चांगलं आणि ईसीएम रिलेला अर्थिंगच देत नाही, असं निघालं तर माहीतगार ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. ईसीएम गेला असं कुणी दहा मिनिटांत ठरवत असेल तर दुसरीकडे जा.

आणि फॅन सुरू झाल्यावरही कूलंट रोज कमी होत असेल, बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर फॅन नसताना गॅस्केट गेलीय. गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

काम झाल्यावर एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी तापू द्या. फॅन लागला, काटा उतरला, फॅन थांबला, पुन्हा लागला. लागताना आणि थांबताना मोबाइलवर दिसलेले दोन आकडे मी फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसकट लिहितो. पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी आली की पहिल्यांदा ते झाकण उघडतो.